सल

‘ती गोष्ट अजून मनात सलते’ असे आपण म्हणतो तेव्हा एका फार जुन्या दुखण्याचे नाव घेत असतो, हे बहुधा ध्यानात येत नाही. संस्कृत ‘शल्य’, प्राकृत ‘सल्ल’ आणि मराठी ‘सल’ अशी ही उतरण आहे. शल्य म्हणजे मुळात बाणाचे किंवा भाल्याचे टोक. देहात शिरून तिथेच राहिलेली, देहाची नसलेली वस्तू. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी सुश्रुताने ज्याला पहिला मान दिला त्या अंगाचे नाव शल्यतंत्र. मूतखडा काढण्यापासून तुटलेले नाक जोडण्यापर्यंतची सारी शस्त्रवैद्यकी अशी एका रुतलेल्या टोकाच्या नावाने ओळखली गेली. महाराष्ट्रात आजही सरकारी रुग्णालयात ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ अशी पाटी दिसते. आत बसलेल्या गृहस्थांनी आयुष्यात एकही बाण काढलेला नसतो. पद मात्र बाणाचेच आहे.

या विषयाकडे मी वळलो तो शब्दकोशातून नव्हे, घरातून. आमचे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगाव हे त्या रेजिमेंटचे १९२२ पासूनचे ठाणे, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक तिसऱ्या घरातला एक तरी माणूस पलटणीत असे. १९४४ च्या हिवाळ्यात इटलीच्या डोंगरांत तोफेच्या गोळ्याचे तीन तुकडे काकांच्या उजव्या मांडीत शिरले. दोन काढले, तिसरा लष्करी डॉक्टरांनी तसाच राहू दिला. आम्ही पोरे तो हाताने चाचपून पाहत असू. कातडीखाली, बरेच खोल, बोटाला जेमतेम लागेल असे काहीतरी कठीण. काका त्याला ‘माझी पेन्शन’ म्हणत.

आजीला मात्र ही थट्टा सोसत नसे. तिच्या लेखी हा निव्वळ हलगर्जीपणा होता. पायात काटा मोडलेले पोर तिने कधी तसे झोपू दिले नाही. सुई दिव्याच्या ज्योतीवर धरायची, काट्याच्या बाजूची कातडी उकलायची आणि नखांच्या चिमटीत टोक धरून ओढायचे. नाही निघाला तर वर रुईचा चीक लावायचा किंवा गरम गूळ बांधायचा, म्हणजे दोन दिवसांत काटा वर येतो. अगदीच हट्टी असेल तर बिब्बा. आत राहिला तर कुरूप होणार, हे ठरलेले. त्यामुळे ‘काटा आत ठेवून वरून शिवतं का रे कोणी?’ हा प्रश्न ती काकांना शेवटपर्यंत विचारीत राहिली. काकांजवळ उत्तर नव्हते. ‘डॉक्टरसाहेब म्हणाले, राहू दे’ एवढेच ते सांगत. माझ्या मनात तो प्रश्न पुष्कळ वर्षे राहिला, आणि निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्याचा माग काढू लागलो.

साहजिकच आधी सुश्रुतसंहिता उघडली. या ग्रंथाचे थर निरनिराळ्या काळांतले आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत तो घडत गेला, एवढे अभ्यासकांत साधारण मान्य आहे. सूत्रस्थानाचा सव्विसावा अध्याय ‘प्रनष्टशल्यविज्ञानीय’ आणि सत्ताविसावा ‘शल्यापनयनीय’. हरवलेले शल्य ओळखावे कसे, हा पहिल्याचा विषय. सापडलेले काढावे कसे, हा दुसऱ्याचा. मला या क्रमाचेच फार अप्रूप वाटले. काढण्याआधी शोधणे, आणि शोधण्याला स्वतंत्र अध्याय.

शल्याची व्याख्या सुश्रुत ऐसपैस करतो. देहाला पीडा देणारे सारेच शल्य. त्याचे दोन प्रकार, शारीर आणि आगंतुक. आगंतुकांत लोखंड, वेळू, लाकूड, गवत, शिंग, हाड. त्यांत लोखंड मुख्य, आणि लोखंडात बाण, कारण तो दुरून येतो आणि त्याला अडविणे कठीण. बाणही दोन जातींचे. एक गुळगुळीत टोकाचा, दुसरा कर्णी, म्हणजे मागे वळलेल्या कानांचा. तो आत जातो सहज, पण मागे ओढला तर मांस फाडीत येतो.

आता बाण शिरला, काठी मोडली, भोक बुजले आणि टोक आत राहिले. क्ष-किरण नाहीत, काही नाही. अशा वेळी सुश्रुताने सांगितलेल्या युक्त्या वाचताना एखाद्या चतुर म्हाताऱ्या वैद्याशेजारी बसल्यासारखे वाटते. संशयित जागेवर थिजलेले तूप, माती किंवा चंदनाचे गंध लावून ठेवा. आत शल्य असेल तिथे उष्णता अधिक असते. म्हणून तूप त्या जागी आधी पातळ होईल, लेप आधी सुकेल. शल्य शिरेत किंवा स्रोतसात दडले असेल, तर रोग्याला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खाचखळग्यांच्या रस्त्याने वेगाने न्या. हादऱ्यांनी जिथे कळ उठेल ती जागा. बेळगावच्या रस्त्यांवर हा प्रयोग आजही विनासायास करता येईल. दाहाच्या जागी उष्णता वाढते आणि परकी वस्तू हलली की वेदना नेमकी होते, ही दोन्ही निरीक्षणे आजच्या वैद्यकालाही मान्य होण्यासारखी आहेत.

काढण्याच्या अध्यायात शल्याचे दोन वर्ग येतात, घट्ट रुतलेले आणि सैल. सैलासाठी पंधरा उपाय. त्यांत पिकवून बाहेर येऊ देणे आहे, पिळणे, धुणे, चोखून घेणे आहे, आणि अयस्कांत म्हणजे लोहचुंबकही आहे. मात्र चुंबक केव्हा वापरावा, याच्या अटी कडक आहेत: शल्य सरळ गेलेले, बिनकानांचे, न अडकलेले आणि जखमेचे तोंड रुंद. पंधरावा उपाय आहे हर्ष. अनेक कारणांनी हृदयात रुतून बसलेले जे शोकरूपी शल्य, ते हर्षाने काढावे, असे लोखंड, वेळू आणि हाडे यांच्याच यादीत, त्याच कोरड्या स्वरात सुश्रुत सांगून जातो. मराठीने ‘सल’ हा शब्द मनाकडे नेला तो काही नवा प्रवास नव्हता.

घट्ट रुतलेल्यासाठी यंत्रे आहेत. एकूण एकशे एक: स्वस्तिक चोवीस, संदंश दोन, ताल दोन, नाडी वीस, शलाका अठ्ठावीस आणि उपयंत्रे पंचवीस. स्वस्तिकयंत्रे म्हणजे पशुपक्ष्यांच्या तोंडांच्या आकाराचे लांब सांडस. त्यांत बगळ्याच्या जातीतल्या कंकपक्ष्याच्या चोचीसारखे ‘कंकमुख’ श्रेष्ठ, कारण ते सहज आत जाते, फिरते आणि पकड सोडीत नाही. आणि सर्व यंत्रांत प्रधान यंत्र कोणते? तर हात. हाडात रुतलेला बाण हातापायांच्या जोराने निघेना, तर त्याला धनुष्याची दोरी बांधून दुसरे टोक घोड्याच्या लगामाच्या कडीला बांधावे आणि घोड्याला चाबूक मारावा. तो मान झटकून वर करील त्या हिसक्यासरशी शल्य बाहेर येईल. वाचताना अंगावर काटा येतो. पण याच अध्यायात असेही आहे की शल्य काढताना रोगी मूर्च्छित होऊ लागला तर थंड पाणी शिंपडावे, त्याची मर्मे जपावी आणि त्याला पुन्हा पुन्हा धीर द्यावा. घोडा आणि धीर, दोन्ही एकाच माणसाने लिहिले आहे.

प्राचीन ग्रंथांविषयी बोलताना आपल्याकडे सगळेच बरोबर होते असे सांगण्याची खोड आहे. ती मला टाळायची आहे. सोने, चांदी, तांबे, शिसे यांची शल्ये फार दिवस राहिल्यास देहाच्या उष्णतेने विरघळून धातूंत मिसळतात, आणि शिंग, हाड, वेळू, लाकूड मात्र विरत नाहीत, असे सुश्रुत म्हणतो. यातला दुसरा भाग खरा आहे, आणि आजच्या शल्यचिकित्सकाला लाकडाचीच धास्ती अधिक वाटते, कारण ते कुजते, पू करते. पहिला भाग खरा नाही. सोने विरघळत नाही. शिसे मांसात असेपर्यंत बहुधा नुसते वेढले जाते. सांध्यातल्या द्रवात पडले तरच ते हळूहळू झिजून रक्तात उतरते आणि विषबाधा करू शकते.

परंतु आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला याच ग्रंथात सापडले. शारीरस्थानात मर्मांची वर्गवारी आहे. तिच्यात ‘विशल्यघ्न’ नावाचा एक लहानसा वर्ग आहे. अवघी तीन मर्मे: कपाळाच्या बाजूंवरची दोन ‘उत्क्षेप’ आणि भुवयांमधली ‘स्थपनी’. या जागी रुतलेले शल्य आत असेतो माणूस जगतो आणि उपटून काढले की मरतो. ते पिकून आपोआप पडले तर मात्र वाचतो. कारणमीमांसा त्या काळाची आहे, वायूची. पण त्यामागचा अनुभव कुणाच्या तरी हातात मेलेल्या माणसाचा असला पाहिजे. ज्या शास्त्राचे नावच शल्य काढण्यावरून पडले, त्याने ‘हे काढू नका’ असे लिहून ठेवावे, याला मोठे धैर्य लागते.

महाकाव्यांतही याचे पडसाद आहेत. हनुमंताने ज्या वनस्पती आणल्या त्यांत संजीवनीच्या बरोबरीने ‘विशल्यकरणी’ होती. नावाचा अर्थच शल्यरहित करणारी. आणि शरशय्येवरच्या भीष्मांपुढे दुर्योधन शल्य काढण्यात निष्णात वैद्य आणतो, तेव्हा भीष्म त्यांचा सत्कार करून त्यांना परत पाठवायला सांगतात. त्यामागची भूमिका क्षत्रियधर्माची आहे, वैद्यकाची नव्हे. पण कुरुक्षेत्राच्या छावणीत अशा वैद्यांचे पथक असणे कवीला स्वाभाविक वाटले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

बाणाचे दुखणे जगभरचे होते, आणि त्यावरचे उपायही दूरदूरच्या माणसांना सारखेच सुचले. २१ जुलै १४०३ रोजी इंग्लंडात श्रूझबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात नाकाशेजारी बाण शिरला. काठी निघून आली. टोक सुमारे सहा इंच खोल, कवटीच्या मागच्या हाडात राहिले. हाच पुढचा राजा पाचवा हेन्री. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन ब्रॅडमोर याने त्याच्यासाठी एक सांडस घडविला. पोकळ टोकाचा, मधून स्क्रू जाणारा, बाणाच्या खोबणीत शिरून आतून फाकणारा. पण तो लगेच वापरला नाही. एल्डर झाडाच्या गाभ्याच्या काड्या कापडात गुंडाळून, गुलाबाच्या मधात भिजवून, एकीहून दुसरी जाड अशा क्रमाने त्या जखमेत घालीत गेला. वाट पुरेशी रुंद झाल्यावर सांडस आत सोडला आणि टोक थोडे थोडे हलवीत बाहेर आणले. मग पांढऱ्या दारूने धुतले आणि वीस दिवसांत जखम भरून येऊ दिली. सुश्रुताच्या अध्यायातही शल्य काढल्यावर तूप आणि मध लावून पट्टी बांधायला सांगितले आहे. मध जंतूंना वाढू देत नाही, हे दोघांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते. मधाने जखम सडत नाही, एवढे दोघांनी पाहिले होते.

बंदुकीची गोळी आली आणि हे सारे ज्ञान अपुरे पडले. बाण निदान आपली वाट सांगतो. गोळीला काठी नसते. ती हाडावर आपटून वळते, स्नायूंच्या पडद्यांमधून सरकते, शिरते एका जागी आणि सापडते वीतभर दूर. त्यातून युरोपात समज असा की गोळीच्या दारूचे विष जखमेत उतरते, म्हणून उकळते तेल ओतावे. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे याच्याजवळचे तेल १५३७ च्या सुमारास इटलीच्या मोहिमेत संपले. त्याने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो तेलवाले ज्वराने तळमळत होते आणि लेपवाले शांत पडले होते. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मला तिच्याहून महत्त्वाची वाटते ती १५४२ मधली, पर्पिन्याँच्या वेढ्यातली. ब्रिसाक नावाच्या सरदाराच्या खांद्याजवळ गोळी शिरली होती आणि कुणालाही सापडत नव्हती. जो तो सळई घालून पाहत होता. पारे आला आणि त्याने ब्रिसाकला सांगितले: गोळी लागली त्या क्षणी जसे उभे होता, हात जसा होता, तसेच उभे राहा. स्नायू मूळच्या जागी आले, गोळीची वाट सरळ झाली, आणि पाठीच्या फऱ्याजवळ बाहेरून दाबल्याबरोबर ती हाताला लागली. सळई न घालता, नुसत्या विचाराने.

आपल्याकडच्या कागदांत जखमी भेटतात ते बहुधा हिशेबातून. प्रतापगडाच्या युद्धानंतर महाराजांनी जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, असे सभासद सांगतो. जखमेची प्रतवारी करणारा कुणीतरी जाणता माणूस तिथे असलाच पाहिजे. त्याचे नाव मात्र बखरीत नाही. उत्तरेतल्या आणि निजामाच्या मुलखातल्या आपल्या कुटुंबांना जखमांचे काम करणारा ‘जर्राह’ ऐकून तरी ठाऊक असेल. सांडस चालविणारे असे हात लिहिणारे नव्हते, आणि लिहिणाऱ्यांनी सांडस कधी हाती धरला नाही.

१७६१ हे साल आपल्याला पानिपताचे म्हणून ठाऊक आहे. त्या रणातून पायावरचा घाव घेऊन निसटलेले महादजी शिंदे पुढे आयुष्यभर लंगडले. त्याच वर्षी, पानिपतानंतर काही महिन्यांनी, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर इंग्रजी फौजेचा शस्त्रवैद्य जॉन हंटर एक गोष्ट टिपून ठेवीत होता. गोळ्या लागलेले चार फ्रेंच सैनिक एका ओसाड घरात लपून राहिले होते. कुणी त्यांची जखम उघडली नाही, गोळी शोधली नाही, बोट घातले नाही. ते सापडले तेव्हा वैद्यांच्या हाताखालच्या जखमींहून बऱ्या अवस्थेत होते. त्या काळी गोळीची प्रत्येक जखम रुंद करून चाचपणे हाच रिवाज होता. हंटरने म्हटले, विनाकारण करू नये. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली छापले गेले. महादजींचेही निधन त्याच वर्षी वानवडीस झाले. या योगायोगाला काही अर्थ नाही; पण ग्वाल्हेरच्या वाचकांना तो आवडेल.

हंटरचे ऐकले कुणी? फारसे नाही. मोठ्या माणसाला गोळी लागली की भोवती वैद्य जमतात, आणि प्रत्येकाला काहीतरी करून दाखवायचे असते. २९ ऑगस्ट १८६२ रोजी अस्प्रोमोंते येथे गॅरिबाल्डीच्या उजव्या घोट्यात गोळी शिरली. ती आत आहे की निघून गेली, यावर युरोपातले नामांकित वैद्य कित्येक आठवडे वाद घालीत होते. रशियाचा पिरोगोव येऊन गेला; म्हणाला, आत आहे. पॅरिसच्या नेलाताँलाही तसेच वाटले, पण पुरावा हवा. त्याने सळईच्या टोकाला बिनझिलईच्या चिनीमातीचा मणी बसविला. हाडाला घासला तर मणी पांढराच राहतो. शिशाला घासला तर काळसर रेघ उमटते. रेघ उमटली, आणि २३ नोव्हेंबरला झानेत्ती याने गोळी काढली. चिनीमातीच्या मण्याची ही युक्ती सुश्रुताच्या तुपाइतकीच साधी आहे. गॅरिबाल्डी वाचला. मात्र त्या बारा आठवड्यांत किती सळया आणि किती बोटे त्या घोट्यात जाऊन आली असतील!

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांचे नशीब तसे नव्हते. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्यांच्या पाठीत गोळी शिरली. पहिल्या काही मिनिटांतच, फलाटाजवळच्या जमिनीवर, न धुतलेले बोट जखमेत गेले. पुढे डॉक्टर विलार्ड ब्लिस यांनी सूत्रे हाती घेतली आणि बोटांना, सळयांना अंत उरला नाही. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ सालीच प्रसिद्ध केली होती. १८७६ मध्ये तो स्वतः फिलाडेल्फियाला येऊन बोलून गेला होता. वयोवृद्ध अमेरिकन वैद्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास ठेवणे जड जात होते. टेलिफोनकर्ता अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने धातू जवळ येताच आवाज देणारे एक यंत्र घाईघाईने बनविले आणि दोनदा अध्यक्षांच्या बिछान्याशी आणले. यंत्र ठीक होते. पण बिछान्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे असे ब्लिस यांनी जाहीर करून टाकले असल्यामुळे त्यांनी फक्त उजवीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला, एकोणऐंशी दिवसांच्या यातनांनंतर, गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती डाव्या बाजूला, स्वादुपिंडामागे. देहाने तिच्याभोवती पापुद्रा विणून तिला बंद करून टाकले होते. उजव्या बाजूला मात्र पुवाने भरलेली एक लांब वाट होती. ती गोळीने केली नव्हती, शोधणाऱ्यांनी केली होती.

देह आपल्यापरीने काय करतो, हे याच देशाच्या आणखी एका अध्यक्षाने दाखविले होते. १८०६ च्या द्वंद्वात अँड्र्यू जॅक्सनच्या छातीत शिरलेली गोळी हृदयाजवळ असल्यामुळे कुणी काढली नाही. तिने त्याला सुखाने जगू दिले असे नाही. खोकला आणि रक्त आयुष्यभर पाठीशी होते. पण तो १८४५ पर्यंत जगला आणि दोनदा अध्यक्ष झाला.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी र्‍योन्टगेनला क्ष-किरण दिसले आणि सव्विसाव्या अध्यायाचा प्रश्न एका रात्रीत बदलला. पुढच्या फेब्रुवारीत कॅनडातल्या माँट्रियलला एका तरुणाच्या पायातली गोळी छायाचित्रावर पाहून काढण्यात आली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर याने क्ष-किरणांचे यंत्र वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत नेले आणि जखमी शिपायांच्या हाडांतल्या गोळ्या शोधल्या. १९१४ नंतर मारी क्यूरीने मोटारींवर यंत्रे चढवून ती फ्रान्सच्या आघाडीवर पाठविली. शल्य आता दिसू लागले होते.

आणि दिसले की काढावे, हा मोह आता अधिकच वाढला. त्याला लगाम घातला तो पहिल्या महायुद्धाच्या चिखलाने. फ्लँडर्सची शेते पिढ्यान्‌पिढ्या शेणखताने पोसलेली. तोफगोळ्याचा तुकडा देहात शिरताना गणवेशाची चिंधी आणि त्या मातीचा कण बरोबर नेई. गोळा काढला तरी माणूस मरे, कारण चिंधी आत राहिलेली असे. बुलोनच्या लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने जखमांतल्या या चिंध्यांत जंतू दाखवून दिले. एवढ्यावर न थांबता त्याने काचेची एक नळी घेतली, तिला आतून बाहेर कितीतरी पोकळ टोके ओढली, युद्धातली जखम असते तशी. आणि सिद्ध केले की वरून कितीही जंतुनाशक ओतले तरी त्या टोकांतले जंतू मरत नाहीत. तेव्हा मेलेले, चिरडलेले मांस कापून टाकणे, चिंध्या आणि माती निघेल तेवढी काढणे, भरपूर धुणे आणि जखम लगेच न शिवता काही दिवस उघडी ठेवणे हीच रीत युद्ध संपता संपता पक्की झाली. लोखंडाचा तुकडा सहज हाती आला तर ठीक. त्यासाठी निरोगी मांस चिरीत जाऊ नये.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे पूर्ण झाले. काकांनी सांगितलेल्या एका गोष्टीचा अर्थही मला तेव्हाच लागला. ते म्हणत, ‘मांडी कापली, साफ केली आणि तशीच उघडी ठेवली, नुसती जाळी भरून. पाच दिवस कोणी शिवली नाही. मला वाटलं, साहेब विसरले.’ साहेब विसरले नव्हते. पाचव्या दिवशी जखम लाल, स्वच्छ दिसली तेव्हा त्यांनी ती शिवली. तोवर पेनिसिलिनही आघाडीवर पोहोचले होते. तिसरा तुकडा मोठ्या रक्तवाहिनीपासून दूर, सांध्यापासून दूर, दाट स्नायूत होता. तो काढण्यासाठी जेवढे चिरावे लागले असते तेवढे नुकसान त्या तुकड्याने साठ वर्षांत केले नाही.

आजचे वैद्यकही याच अंगाने चालते. सांध्यात, डोळ्यात, मज्जातंतू वा रक्तवाहिनीला लागून असलेले, पू धरलेले, सतत दुखणारे शल्य काढायचे. लाकूड, काटा, काडी असे कुजणारे काहीही शोधून काढायचेच. लाकूड साध्या क्ष-किरणांत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते. काच बहुतेक वेळा दिसते. तेव्हा काट्याच्या बाबतीत आजी बरोबर होती. लोखंडाच्या बाबतीत डॉक्टरसाहेब. बिब्ब्याची मात्र तरफदारी करता येणार नाही. त्याने कातडी भाजते. आणि घरात किंवा रस्त्यावर कुणाच्या अंगात सळई, सुरी, काचेचा मोठा तुकडा घुसला तर तो उपटू नये, हेही सांगून ठेवतो. रक्तवाहिनी फुटली असेल तर तीच वस्तू तिचे बूच झालेली असते. वस्तूवर दाब न देता दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही अशी बांधावी आणि रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली होती, ते तिथे न विसरता सांगावे.

काकांचा तुकडा शेवटी एकदाच आडवा आला. वार्धक्यात पाठीचे दुखणे निघाले म्हणून त्यांना पुण्याला नेले. तिथे एमआरआय काढायचा ठरला. तंत्रज्ञाने नेहमीप्रमाणे विचारले, ‘अंगात काही लोखंड?’ काका म्हणाले, ‘आहे. जर्मनीचे.’ एवढ्या मोठ्या चुंबकापुढे पोलादाचा तुकडा आतल्या आत सरकण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना तसेच परत आणले. सुश्रुताने अयस्कांत सुचविला होता तो सैल, सरळ, उघड्या तोंडाच्या शल्यासाठी. खोल अडकलेल्यासाठी नव्हे. त्या अटी मला त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आठवल्या.

२००३ साली काका गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. राखेत मांडीच्या हाडाशेजारी चिंचोक्याएवढा एक काळा, खडबडीत तुकडा हाती लागला. चुलतभावाने तो पाण्याने धुतला आणि वेगळा ठेवावा की अस्थींत टाकावा, हे भटजींना विचारले. भटजींना असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नसावा. ते गप्प राहिले. घरी आल्यावर काकूंना दाखविला. त्यांनी तो तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘एकुणसाठ वर्षं अंगात होता. आता कशाला वेगळा काढता?’ अस्थींबरोबर तोही गोकर्णाला गेला.